मदत हवी आहे : स्क्रू कन्व्हेयरचं एकच हँगर बेअरिंग सारखं का जातंय?

मंडळी, राख वाहून नेणारा एक स्क्रू कन्व्हेयर (ट्रफमध्ये, म्हणजे पन्हळीत, फिरणाऱ्या मळसूत्री पात्याने माल पुढे ढकलणारं यंत्र) माझ्याकडे देखभालीला आहे. लांबी ९ मीटर, स्क्रू ३०० मिमीचा, मध्ये शाफ्टला वरून टांगून आधार देणारी दोन हँगर बेअरिंग. त्यातलं डिस्चार्जकडचं (माल बाहेर पडतो त्या टोकाचं) दोन-अडीच महिन्यांत जातं. दुसरं मात्र वर्षभर ठणठणीत.

परवा वीज तोडून, कुलूप लावून झाकण उघडलं. पात्याची कड सुरीसारखी धारदार झालेली. मूळची ६ मिमी जाडी कडेला जेमतेम ३ भरली, तीही माल ढकलणाऱ्या अंगानेच झिजलेली. मागची बाजू जवळपास कोरी. पातं आणि ट्रफमधली फट इनलेटपाशी दोन्हीकडे १२ मिमी, पण त्या बेअरिंगपाशी डावीकडे ७ आणि उजवीकडे १९! कपलिंगच्या (शाफ्टचे तुकडे जोडणाऱ्या भागाच्या) बोल्टची भोकंही लांबुडकी झालीत.

मला संशय अलाइनमेंटचा, म्हणजे सगळं एका रेषेत नसल्याचा. आमचे फिटर म्हणतात, बेअरिंगचं मटेरियल बदला. (ग्रीस सुचवू नका, राख मिसळून त्याची पॉलिश पेस्ट होते, भोगून झालंय.)

आधी तार ताणून ट्रफ तपासू की डायल (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) लावून शाफ्टचा वाक बघू? कडेला जागेवरच हार्डफेसिंग (वेल्डिंगने कठीण धातूचा थर चढवणं) केलं तर वेल्डिंगच्या उष्णतेने स्क्रू वाकेल का? आणि तुम्ही पातं किती जाडी उरल्यावर बदलता? मोटरचा करंट वाढलेला नाही, म्हणून साहेब ‘चालू द्या’ म्हणतात. मला ते पटत नाहीये.