मलेरियाच्या स्मिअरमध्ये (काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलेल्या रक्ताच्या थेंबात) परजीवी कमी, तरी मूल कोमात! मग रक्तात बघायचं काय?

पेड्स_रेसिडेंट: सेरेब्रल मलेरियावर (मेंदूवर परिणाम होऊन कोमा आणणाऱ्या मलेरियावर) सेमिनार आहे. काही मुलांच्या स्मिअरमध्ये परजीवी भरमसाट असतात आणि मूल शुद्धीत, काहींमध्ये मोजकेच दिसतात आणि ब्लँटायर स्कोर (लहान मुलांची शुद्ध मोजायचा ० ते ५ चा स्कोर) २ किंवा त्याहून कमी, म्हणजे कोमा. मग परजीवींच्या काउंटला अर्थ काय? सिव्हिअरिटी रक्तातून कशावरून कळते?

लॅबवाला: काउंट खोटा नसतो, पण तो फक्त फिरत्या रक्तातला असतो. फॅल्सिपॅरम (मलेरियाचा सगळ्यात घातक परजीवी) पेशीत वाढला की ती लाल पेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीला चिकटून बसते, मेंदूतल्यासुद्धा, आणि बोटाच्या थेंबात ती येतच नाही. म्हणून प्लाझ्मातलं (रक्ताच्या द्रव भागातलं) एचआरपी-२ हे परजीवीचं प्रोटीन मोजतात, कारण ते लपलेले परजीवीही सोडतात, त्यामुळे एकूण बोजाचा अंदाज येतो. फॅल्सिपॅरमच्या बहुतेक रॅपिड टेस्टमध्ये हेच प्रोटीन शोधतात, पण तिथे फक्त हो-नाही कळतं, आणि उपचारानंतरही टेस्ट कित्येक आठवडे पॉझिटिव्ह राहू शकते.

पीआयसीयू_ताई: अगं, वॉर्डात आधी शुगर आणि लॅक्टेट (पेशींना ऑक्सिजन कमी पडला की रक्तात वाढणारं आम्ल) बघ. शुगर ४० mg/dL च्या खाली किंवा लॅक्टेट ५ mmol/L च्या वर म्हणजे मूल धोक्यात आहे. शुगर एकदा दुरुस्त केली म्हणून निर्धास्त राहू नकोस, ती परत घसरते, दर थोड्या वेळाने बघायचीच. लॅक्टेटही परत कर, उपचार चालू असून उतरत नसेल तर लक्षण वाईट. अँजिओपोएटिन-२ हे रक्तातलं प्रोटीन वाढलेलं म्हणजे रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडलेलं, पण ते अजून रिसर्चपुरतंच. प्लेटलेट्स तर साध्या मलेरियातही पडतात, एकट्या त्यांच्यावर काही ठरवू नकोस.

पेड्स_रेसिडेंट: मग ताई, मूल कोमात आहे, स्मिअर पॉझिटिव्ह आहे पण एचआरपी-२ कमी, तर काय समजायचं?

पीआयसीयू_ताई: कोमाचं दुसरं कारण शोधायचं. मलावीतला शवविच्छेदनाचा २००४ चा अभ्यास सेमिनारमध्ये घेच. सेरेब्रल मलेरिया म्हणून निदान झालेल्या ३१ मुलांपैकी ७ जणांचा मृत्यू वेगळ्याच कारणाने झाला होता. ज्या भागात मलेरिया सतत असतो तिथे रक्तात थोडे परजीवी घेऊन हिंडणारी मुलं भरपूर, त्यातल्याच एखाद्याला मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाचा संसर्ग) झाला की स्मिअर फसवतो. डोळ्याच्या बाहुल्या मोठ्या करून रेटिना (डोळ्याचा आतला पडदा) नक्की बघ, पांढुरके चट्टे किंवा पांढऱ्या मध्याचे रक्तस्राव दिसले तर मलेरियाच असण्याची शक्यता खूप वाढते. आणि एचआरपी-२ सारख्या कुठल्याही मार्करच्या रिपोर्टसाठी आर्टेसुनेट (मलेरियाचं औषध) थांबवायचं नाही, मेनिंजायटिस नाही असं ठरेपर्यंत अँटिबायोटिकही चालू ठेवायचं.