मदत हवी आहे: गाडी तापली की तिसरा गियर स्लिप होतो (जुना पिकअप, ऑटोमॅटिक)

मंडळी, मी ह्यूस्टनजवळ राहतो. २००१ सालचा पिकअप आहे, सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, चार गियरचा ऑटोमॅटिक, १,८६,००० मैल झालेत. सेकंड हँड घेतला तेव्हा ट्रान्समिशनचं (म्हणजे गियरबॉक्सचं) तेल कधी बदललं होतं, हे आधीच्या मालकालाही आठवत नव्हतं.

सकाळी गाडी लोण्यासारखी चालते. वीसेक मिनिटांनी चांगली तापली की खेळ सुरू. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना आरपीएमचा काटा २२०० वरून ३५०० वर उडतो, इंजिन नुसतं ओरडतं, गाडी ओढत नाही. मग हिसका देऊन गियर पडतो. गावाकडे जीपची क्लचप्लेट गेली की घाटात असंच व्हायचं, पण इथे क्लचचं पेडलच नाही! रिव्हर्सला टाकलं की दोन-तीन सेकंद काहीच नाही, नंतर धप्प. पहिला-दुसरा मात्र ठणठणीत.

काल गाडी गरम असताना, इंजिन चालू ठेवून गियरबॉक्सची डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) काढली. पातळी खुणेवर आहे. पांढऱ्या टिश्यूवर पुसलं तर लाल रंग नावालाही नाही, उकळून उकळून काळ्या पडलेल्या चहासारखं. वास जळका. स्कॅनर पी०७३० दाखवतो, म्हणजे गियरचं गुणोत्तर जुळत नाही.

गॅरेजवाल्याने गाडीखाली न वाकताच ३,२०० डॉलरचं रीबिल्ड (गियरबॉक्स पूर्ण खोलून पुन्हा बांधणं) सांगितलं. तेवढी गाडीची किंमत नाही हो. तेल-फिल्टर बदलून भागेल का? की जुनं तेल काढलं की गियरबॉक्स बसतो म्हणतात, ते खरं?

प्रतिसाद:
नेमके तिसरा आणि रिव्हर्सच बिघडलेत, इथेच मेख आहे. त्या काळातल्या बऱ्याच चार गियरच्या ऑटोमॅटिकमध्ये या दोघांना एकच क्लच पॅक लागतो (पेडल नसलं तरी आत क्लचच्या चकत्यांचा गठ्ठा असतो, तो तेलाच्या दाबाने आवळला जातो). तापल्यावरच त्रास, म्हणजे तेल पातळ झालं की कडक झालेल्या सीलमधून प्रेशर गळत असणार. आधी पॅन (गियरबॉक्सच्या तळाची तेलाची परात) उतरवा. आतल्या चुंबकावर करडा मऊ लेप असेल तर ती वयाची नेहमीची झीज. चकचकीत कण किंवा क्लचच्या अस्तराचे काळे तुकडे दिसले तर खिसा सांभाळा. गेज लावून लाइन प्रेशर (गियरबॉक्समधल्या तेलाचा दाब) मोजा, मगच रीबिल्डचं बोला. तेल बदलल्याने गियरबॉक्स बसत नाही. लोक मुळात तो बसायला आल्यावरच तेल बदलतात. मशीनने फ्लश (दाबाने सगळं जुनं तेल ढकलून काढणं) मात्र नको.

मूळ लेखक:
शनिवारी पॅन उतरवतो, फोटो टाकतो. तोवर ट्रेलर जोडायला बायकोने बंदी घातली आहे.