शब्दचर्चा : ‘थाट’

प्रश्न (नौपाडा, ठाणे) : माझी मुलगी गायनाच्या पहिल्या परीक्षेची तयारी करीत आहे. ‘थाट म्हणजे काय?’ या प्रश्नाला तिने ‘रागाचा रुबाब’ असे उत्तर लिहिले आणि बाईंनी त्यावर फुली मारली. थाटामाटाचा आणि या थाटाचा खरोखरच काही संबंध नाही का?

उत्तर (वाशी) : संबंध आहे, पण तो ‘थाटमाट’पेक्षा ‘थाटणे’ या क्रियापदात शोधावा. आपण दुकान थाटतो, संसार थाटतो, तेव्हा डामडौलापेक्षा वस्तू जागच्या जागी लावणे महत्त्वाचे असते. सतारीवर भैरव वाजवायचा असेल, तर रिषभ आणि धैवताचे (रे आणि ध) पडदे, म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्ट्या, खुंट्यांच्या बाजूला थोडे सरकवून ते स्वर कोमल (थोडे उतरलेले) करून घेतात. पडद्यांच्या अशा मांडणीला वादक थाट म्हणतात, आणि ज्या सतारीचे पडदे रागागणिक हलवावे लागत नाहीत ती अचल थाटाची.

रागांची वर्गवारी करणारे संगीतशास्त्रकार पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे शिक्षणाने वकील. दाक्षिणात्य पंडित वेंकटमखी यांची ७२ मेळांची, म्हणजे सात स्वरांच्या संचांची, योजना त्यांनी बारकाईने अभ्यासली, आणि हिंदुस्थानी राग मात्र अशा १० संचांत, म्हणजे थाटांतच लावून दाखवले. संस्कृतात लिहिताना मेळाला ‘मेल’ म्हणणारे भातखंडे मराठीत वादकांचा ‘थाट’ वापरतात, ही मला त्यांच्या भाषेची जाण वाटते.

प्रश्नकर्ती : मग ‘थाटातून राग जन्मतो’ या पुस्तकातल्या वाक्याचे काय?

उत्तर (वाशी) : ते वाक्य शब्दशः घेऊ नये. भूप आणि देशकार या दोन्ही रागांत सा रे ग प ध हे पाचच स्वर आहेत; तरीही भूप कल्याण थाटात आणि देशकार बिलावल थाटात बसवलेला आहे. दोन्ही थाटांत फरक फक्त मध्यमाचा (म), आणि नेमका तोच स्वर या रागांत नाही. म्हणजे निवाडा रागाच्या चलनावरून, म्हणजे स्वरांच्या चालीवरून झाला, थाट मागाहून ठरला. राग आधीपासून गायले जात होते. भातखंड्यांनी त्यांना फडताळातले खण नेमून दिले. परीक्षेत अर्थातच ‘जनक थाट’ असेच लिहावे, गुण त्यालाच मिळतात.

आणखी एक उत्तर (कोपरी, ठाणे) : कथकातही थाट आहे. विलंबित लयीत नर्तकी डौलदार पवित्रा घेऊन उभी राहते, मनगट, मान आणि भुवया यांच्या अगदी लहान हालचाली करीत समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) येते. मुलीने हेच उत्तर नृत्याच्या पेपरात लिहिले असते, तर बाईंनी कदाचित निम्मे गुण दिले असते.