मोबाईल गरिबाच्या हातात कधी आला? २०१६ म्हणणाऱ्यांनो, जरा थांबा

पूर्वभागकर:
परवा एका ओळखीच्या माणसाची पोस्ट वाचली, "२०१६ च्या आधी मोबाईल म्हणजे साहेब लोकांचं खेळणं, जिओ आलं आणि गरिबाला फोन मिळाला". खाली अंगठेच अंगठे. तेव्हापासून डोकं तापलंय म्हणून लिहायलोय. २०१६ ला स्वस्त झालं ते नेट बे, फोन नाही.

३१ जुलै १९९५ ला बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दूरसंचार मंत्री सुखराम यांना दिल्लीला देशातला पहिला मोबाईल कॉल लावला, तो जमाना साहेबांचा होता हे मान्य. मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास, आणि आलेला फोन उचलला तरी पैसे! पण १ मे २००३ ला इनकमिंग फुकट झालं तिथं सगळं पालटलं. हँडसेट काय, एकदाच घ्यायचा असतो, उधारीवर घ्या, मेहुण्याचा जुना घ्या. उचलायलाच पैसे पडत असतील तर फुकटात मिळालेला फोनही परवडत नाही, हे त्या पोस्टवाल्याला कोण सांगणार. त्याच पावसाळ्यात रिलायन्सची ५०१ रुपये भरून फोन हातात द्यायची स्कीम आली आणि आमच्या सोलापुरात अशोक चौकापासून कन्ना चौकापर्यंत ज्याच्या त्याच्या कमरेला पट्ट्यात फोन. आमच्या कारखान्यात लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या खडखडाटात रिंग ऐकू यायची नाही, व्हायब्रेटरही कळायचा नाही कारण तिथं उभं राहिलं की अंगच हलत असतं. म्हणून जकार्डवरचा, म्हणजे नक्षीच्या मागावरचा कामगार फोन खिडकीत उभा करून ठेवायचा आणि स्क्रीनचा लाईट लागला की धावायचा. एक मिस कॉल म्हणजे सूत आलं, दोन म्हणजे मालक निघाला. हे २००४ चं सांगतोय, २०१६ चं नाही.

जुळे_सोलापूर:
ती पोस्ट माझीच आहे, नाव घ्यायला लाजू नका. आणि तुमचा मुद्दा तुम्हीच पाडलात. मिस कॉल देणं म्हणजे परवडणं का हो? परवडत नव्हतं म्हणून तर मिस कॉल! ५०१ च्या मागे दर महिन्याचा हप्ता होता ते सोयीस्कर विसरलात. माझी आई विड्या वळायची. घरात फोन होता, पण दहाचं रिचार्ज मारायचं, त्यात सात-साडेसात रुपये टॉकटाइम, आणि मावशीशी बोलताना आईची नजर भिंतीवरच्या घड्याळावर. "ठेव आता, मिनिट झालं." आईला पोटभर बोलताना मी पहिल्यांदा बघितलं ते २०१६ ला जिओनं व्हॉइस फुकट केल्यावर. याला मी फोन मिळणं म्हणतो. तुम्ही खिडकीतल्या लाईटला म्हणा.

नवीपेठ_रिपेअर:
दोघंही चुकलात. काउंटरवर बसलेल्याला विचारा. २००३ ला माझ्याकडे यायचे ते मालक लोक नाहीतर त्यांची पोरं. कामगार आला तो २००७ नंतर, चायना सेट घेऊन. दोन सिम, छातीएवढा स्पीकर, नोकियाच्या निम्म्याहून कमी पैशात. वर २००९ ला टाटा डोकोमो कंपनीनं सेकंदाला एक पैसा काढला, मग बाकीच्यांनाही झक मारत उतरावं लागलं. ३० नोव्हेंबर २००९ नंतर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, नसलेले सेट बंद होणार म्हटल्यावर दुकानासमोर ही रांग लागली होती, त्यात भाजीवाल्या बायका, रिक्षावाले, हमाल. साहेब एकही नव्हता. यापेक्षा मोठा पुरावा काय देऊ.

पार्कचौक_काका:
स्वस्त झाला म्हणून काय दिवे लागले? एसटीत बसलं की मागचा रील लावतो, पुढचा स्पीकरवर भांडतो. पूर्वी टेलिफोन बूथवर जाऊन तीन मिनिटांत काम व्हायचं.

बूथवाल्याची_मुलगी:
काका, बूथची आठवण काढलीत म्हणून लिहिते. तुम्ही सगळे स्वस्ताई साजरी करायलाय, पण तुमचं इनकमिंग फुकट झालं तेव्हा आमच्या घरातली चूल थंड झाली. बाबा पायाने अधू, अपंग कोट्यातून एसटीडी-पीसीओ, म्हणजे बाहेरगावी फोन लावायचा बूथ, मिळालेला. रात्री अकरानंतर चौथाई दर, म्हणून सगळी गर्दी अकराला. थंडीत मफलर गुंडाळून माणसं ओट्यावर बसलेली, आत कुणी जास्त बोललं की काच वाजवायची. त्या कमिशनवर आम्ही दोघी बहिणी शिकलो. २००३ नंतर दोन वर्षांत बूथवर झेरॉक्स मशीन आलं, मग तेही गेलं.

पार्कचौक_काका:
सहानुभूती आहे, पण बूथवाले काय साधुसंत नव्हते. मीटरवर एक आकडा आणि मागताना दुसरा. सुटे नाहीत म्हणून गोळ्या हातावर ठेवायचे. मुलाला मुंबईला फोन लावला की निम्मा पगार तिथंच.

बूथवाल्याची_मुलगी:
मशीनमधून स्लिप निघायची काका, छापलेली. नंबर, वेळ, रक्कम सगळं असायचं. स्लिप मागितली नाही ही तुमची चूक.

पार्कचौक_काका:
स्लिप मागितली की "रोल संपलाय". माझ्याशी वाद घालू नका, मी त्या काळात रोज फोन करायचो.

बूथवाल्याची_मुलगी:
निम्मा पगार जात होता आणि तरी रोज करत होता? हिशोब जुळत नाही काका.

नवीपेठ_रिपेअर:
😂 ताई, काकांना सुटे द्या. पण बूथवाल्यांना कुणी मारलं म्हणाल तर मोबाईलच्या आधी किराणा दुकानातल्या एक रुपयाचं नाणं टाकून बोलायच्या लाल डब्यानं मारलं. लोकल कॉल सगळे तिकडं गेले.

बूथवाल्याची_मुलगी:
डब्यावरून एसटीडी लागत नव्हता आणि आमचं पोट एसटीडीवर होतं. माहीत नसेल तर चायना सेट उघडत बसा.

जुळे_सोलापूर:
विषय काय, चाललंय काय. पण ताईंनी माझंच काम केलं. बूथ २००५ पर्यंत तग धरून होता म्हणजे लोकांकडे फोन नव्हतेच की.

पूर्वभागकर:
अरे बाबा, दोन वर्षांत बूथ बसला हे त्या सांगायल्यात! साहेब लोकांनी बूथ बसवला का? त्यांच्या घरी लँडलाइन होतीच. बूथवर जाणारा माणूसच मोबाईलवर गेला, म्हणून बसला. वाचून तरी उत्तर द्या.

जुळे_सोलापूर:
ठीक आहे, घ्या तुमचं २००३, फ्रेम करून लूमवर लावा. पण फक्त इनकमिंगसाठी. आउटगोइंग माझं २०१६.

पूर्वभागकर:
आउटगोइंगलाही मार्च २००६ ला बीएसएनएलनं देशात कुठंही रुपयाला मिनिट केलं होतं, पण राहू दे, तेवढं तुम्हाला दिलं. मात्र तुमच्या त्या स्वस्ताईचं पुढं काय झालं तेही लिहा. आधी लाइफटाइम सिममध्ये शून्य बॅलन्स असला तरी फोन यायचा. २०१८ च्या शेवटी कंपन्यांनी किमान रिचार्ज आणलं, नाही मारलं की इनकमिंगच बंद. महिना पण २८ दिवसांचा. माझ्या आईला नेट नको, रील नको, फक्त पोरीचा फोन यायला पाहिजे, त्यासाठी २०२५ उजाडेपर्यंत डेटासकट पॅक मारत होतो. वर एका कंपनीनं, नाव घेत नाही, न विचारता कॉलर ट्यून लावून पैसे कापले ते वेगळंच.

जुळे_सोलापूर:
याला मात्र उत्तर नाही माझ्याकडे. जुलै २०२४ ची दरवाढ मलाही झोंबलीय.

पार्कचौक_काका:
म्हणजे शेवटी मीच बरोबर. बूथवर महिना २८ दिवसांचा नव्हता.

बूथवाल्याची_मुलगी:
आता बूथ चांगला का? काका, हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. रोल संपल्याबद्दल त्यांना तुमच्याशी बोलायचंय, नंबर मेसेज करा. रिचार्ज संपलं नसेल तर लागेल फोन.