मदत हवी आहे: राजवाडा ते मंगळवार तळे, आईला झेपेल असा रस्ता

आम्ही साताऱ्यातच राहतो, पण जुनी पेठ निवांत पायी कधी बघितलीच नाही. येत्या रविवारी सकाळी आईला घेऊन निघायचं आहे. वय ६८, गुडघ्याचा त्रास; सपाटीवर अर्धा तास चालते, चढ आणि उंच पायऱ्या नकोत. त्यामुळे अजिंक्यतारा किल्ला आणि टेकडीवरचं 'चार भिंती' स्मारक यादीत नाहीत.

सुरुवात राजवाड्यापासून. जुना वाडा प्रतापसिंह महाराजांनी १८२४ मध्ये बांधला, शेजारचा नवा त्यांचे बंधू अप्पासाहेब महाराजांनी. आईसाठी मोठं आकर्षण म्हणजे जुन्या वाड्यातली शाळा, जिथे ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचं नाव दाखल झालं. ती वास्तू निदान बाहेरून तरी तिला डोळे भरून बघायची आहे. मग गोल बागेत टेकायचं, मोती चौकातून कंदी पेढे घ्यायचे आणि मंगळवार तळ्यापर्यंत जायचं.

मागच्या आठवड्यात मी एकटा जाऊन आलो. मोठ्या रस्त्याने गाड्यांमुळे मान वर करून एखादा वाडा बघायची सोय नाही. आतल्या एका बोळातून गेलो तर मध्येच चांगलाच चढ लागला. नकाशावर चढ कळत नाही.

राजवाड्यापर्यंत रिक्षाने येऊ, परतही रिक्षाच. वेळ दोन तास.

पेठेत राहणाऱ्यांनी कृपया गल्लीच्या खुणेसकट सांगावं: राजवाड्याहून तळ्याकडे कमीत कमी चढाची, जुने लाकडी वाडे दिसतील अशी वाट कोणती? आणि वाटेत आईला दहा मिनिटं बसता येईल असं देऊळ किंवा पार कुठे आहे?