मुलांसोबत घरी केलेले डोनट : आपापले अनुभव लिहा

रामबागवाली
काल शाळेला सुट्टी, बाहेर पाऊस. लेक (साडेपाच वर्षं) पोळपाटापुढे मांडी घालून वाटीने मैद्याच्या चकत्या पाडत होती आणि मला एकदम आजी आठवली. होळीनंतरच्या शीतला सप्तमीला आपल्या इंदुरात शिळंच खायचं, म्हणून आदल्या रात्री ती गुळाचे गुलगुले करायची. कणीक-गुळाचं पातेलं माझ्या पुढ्यात असायचं. "ढवळ गं, गुठळी राहू देऊ नकोस." ते काम माझं होतं, मध्येच कोणी हातातून काढून घेत नसे. लेकीलाही असं एक काम मिळावं, फार वाटतं.

यीस्ट नाही, अंडं नाही. 2 वाट्या मैदा, अर्धी वाटी घट्ट दही, पाव वाटी पिठीसाखर, 2 मोठे चमचे लोणी, 1 छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, चिमूटभर मीठ, लागेल तसं दूध. नुसतं गोळा करायचं. तिंबलं की मैदा चिवट होतो. 15 मिनिटं झाकून ठेवा, जाडसर लाटा, वाटीने गोल आणि बाटलीच्या झाकणाने मधलं भोक. तळणं माझं, बाकी सगळं तिचं. मधल्या गोळ्यांवर तर हक्कच तिचा.

मनूची आई
तेल किती तापवायचं ते लिही ना ताई. मुलगा आत्ताच वाटी घेऊन उभा आहे.

रामबागवाली
मध्यम. पिठाची गोळी टाक, बुडबुडे येत सावकाश वर आली की झालं. लगेच उसळून लाल झाली तर गॅस बारीक करून थांब. थर्मामीटर असेल तर 170 ते 180 अंश. आणि मुलाला कढईपासून लांब बसव, ओट्याजवळ नकोच.

आजोबा_लोकमान्यनगर
नातू विचारतो भोक कशाला? त्याला सांगितलं, मध्यापर्यंत आच पोचायच्या आत कड करपेल, भोक असलं की आतूनही तेल लागतं. पटलं त्याला. आता पुरीलाही भोक पाडा म्हणतो.

वडोदेकर
आम्ही वडोदऱ्यात अप्पेपात्रात करतो. पीठ जरा सैल ठेवायचं, दूध वाढवून. उकळतं तेल नाही, त्यामुळे जीव घाबरत नाही. मुलगी चमच्याने पीठ घालते, गॅस मी नंतर पेटवते. आकार डोनटचा नाही पण तिला चालतो.

बाबा_पहिल्यांदाच
मुलगा चार वर्षांचा, बोलणं उशिरा आहे. थेरपीच्या ताईंनी सांगितलंय, हाताने करायची कामं द्या आणि करताना एकेकच शब्द बोला. म्हणून डोनट. झाकण दाबताना "दाब", गोळी उचलताना "काढ". रविवारी मी गप्प होतो आणि तो आपणहून म्हणाला, "काढ". पीठ तसंच टाकून बायकोला ड्यूटीवर फोन लावला. ती काही बोलेचना, नुसती रडत होती. डोनट कसे झाले आठवत नाही.

रामबागवाली
दादा 🙏 डोळे भरले. त्याला आमच्याकडून एक पापी.

आजोबा_लोकमान्यनगर
बाबा, छान चाललंय तुमचं. माझा धाकटाही उशिरा बोलला. तो शब्द रोज त्याच्याकडून ऐका, घाई करू नका.

मनूची आई
थांबा, नर्मदेचं पाणी आलं नळाला, टाकी भरून येते.

पलासियाची
यीस्टचे जास्त हलके होतात हे मान्य. पण कोमट दूध (बोटाला सोसेल इतकंच, फार गरम असलं तर यीस्ट मरतं), मग तासभर फुगायला ठेवा. एवढा वेळ आमचं कार्टं थांबतंय होय! दही-सोड्याचं लगेच तळता येतं. उलट तेच फार वेळ ठेवू नका, सोड्याचा जोर ओसरतो.

भिया_इंदोरी
आमच्याकडे पोराने साखरेऐवजी जिरावन मसाला भुरभुरला. पोह्यावर पडतं तर यावर का नाही म्हणे. गरम असताना बरं लागलं, खरंच. सराफा बाजारात गराडू (तळलेला कंद) सुरू झाले का हो कुणी पाहिले?

पलासियाची
गराडू थंडीत. आत्ता कुठे! भुट्ट्याचा कीस खा तोवर.

मनूची आई
झाले!!! मनूने सगळी भोकं स्वतः पाडली, एक आजीसाठी मुद्दाम बिनभोकाचा ठेवला. फक्त पिठीसाखर लावली ती ओली होऊन गेली. काय करू?

वडोदेकर
पिठीसाखर पूर्ण गार झाल्यावर. गरम असताना साधी दाणेदार साखर घोळव, हवी तर दालचिनी घालून. ती चिकटून बसते.