सामाईक विकी पानाचे मूल्यमापन कसे करावे?

प्रश्न (शिक्षिका, परळ): नववीच्या मुलांकडून १९८२ च्या गिरणी संपावर एक सामाईक विकी पान (अनेकांना मिळून लिहिता व बदलता येणारे संकेतपान) लिहून घेण्याचा माझा विचार आहे, कारण त्यांच्यापैकी अनेकांचे आजोबा गिरणीत होते. मात्र सर्वांनी मिळून लिहिलेल्या मजकुरात कोणाचे श्रम किती, हे कसे ओळखावे?

निवृत्त शिक्षक, दादर: विकी पानाच्या ‘इतिहास’ विभागात कोणी, केव्हा, काय घातले वा काढले याची नोंद राहते आणि दोन आवृत्त्यांमधील फरकही पाहता येतो. तरीही मी गुण शब्दसंख्येवर न देता चर्चापानावरील (पानाला जोडलेल्या, मजकुरावर चर्चा करण्याच्या पानावरील) युक्तिवादावर देत असे, कारण सोबत्याचे वाक्य का खोडले हे सांगताना मुलाला जो विचार करावा लागतो, तोच खरा अभ्यास आहे.

ग्रंथपाल, मुलुंड: हेच लेखन मराठी विकिपीडियावर नेणार असाल, तर आजोबांच्या आठवणी तेथे चालणार नाहीत, प्रकाशित संदर्भ लागतो. आठवणी वर्गाच्या स्वतंत्र विकीवर जरूर जपाव्यात.

शिक्षिका, परळ: मनःपूर्वक आभार. काही घरांत एकच मोबाइल असल्याने संगणकाच्या तासाला प्रत्येकाचे स्वतंत्र खाते उघडून देईन, अन्यथा इतिहासातील नोंदी एकाच नावावर पडतील.